तरफ आणि तराजू : शाळेतील प्रयोग व शेतकऱ्याचे हित

मार्गशीर्ष लागला की वडसा परिसरात धानाची मळणी आटोपत येते. वैनगंगेच्या काठची आणि आतल्या जंगलपट्टीतील गावे पोती भरू लागतात. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील हे स्थानकाचे गाव धानाच्या व लाकडाच्या व्यापारामुळे वाढले. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यानंतरही आसपासच्या खेड्यांचा माल विक्रीसाठी याच गावाकडे वळतो. रोवणीपासून मळणीपर्यंत चार-पाच महिने जे कष्ट केले, त्यांचे मोल शेवटी एका दांडीवर ठरते. ती दांडी म्हणजे तराजूची दांडी होय.

ही दांडी कोणत्या नियमाने चालते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? शाळेत मुले 'तरफ' हा धडा वाचतात, 'टेकू, बल, भार' हे शब्द पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. घरी तोच मुलगा सब्बलीने धोंडा हलवतो, कावडीने भारे वाहतो, बंडीवर पोती रचतो. परंतु पुस्तकातील तरफ आणि घरची सब्बल एकच आहे, हे त्याला कोणी दाखवून दिलेले नसते. प्रस्तुत लेखात चार सोपे प्रयोग दिले आहेत. त्यांना लागणारे साहित्य कोणत्याही गावात मिळते. शिक्षकांनी ते शाळेत करवून घ्यावेत, ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी त्यांस साहाय्य करावे आणि शेतकरी बंधुभगिनींनी ते आपल्या मुलांकडून समजावून घ्यावेत. त्यांतील शेवटचा प्रयोग तर प्रत्यक्ष पैशाशी निगडित आहे.

हाताने काम करीत शिकावे, हा विचार आपल्या विदर्भाला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाद्वारे शिक्षणाची योजना मांडली व सेवाग्रामात तिचा प्रयोग झाला. पुढे १९७२ पासून मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यांतील शाळांमधून स्वस्त साहित्याने विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम चालला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन करून शेती, लोहारकाम, बांधकाम यांतूनच मुलांना विज्ञान शिकविण्याचा परिपाठ घातला. आपल्याला तर बांबूच्या एका कामटीने प्रारंभ करता येईल.

प्रयोग पहिला : कामटीचा नियम

एक मीटर लांबीची, शक्यतो सर्वत्र सारख्या जाडीची, सरळ व वाळलेली बांबूची कामटी घ्यावी. तिच्या बरोबर मध्यावर खूण करावी. मध्यापासून दोन्ही बाजूंस दर १० सेंटिमीटरवर एकेक खाच पाडावी. म्हणजे प्रत्येक बाजूस पाच खाचा होतील. मध्यावर सुतळी बांधून कामटी खिडकीच्या गजाला अथवा मांडवाच्या आडव्या बांबूला टांगावी. ती एका बाजूला झुकत असेल तर जड बाजू थोडी तासावी किंवा हलक्या बाजूच्या टोकाला चिखलाची लहान गोळी लावावी. कामटी आडवी सरळ राहिली की तयारी झाली.

आता जुन्या कापडाच्या रेती भरलेल्या दहा लहान पुड्या कराव्यात. पहिली पुडी डावीकडच्या चौथ्या खाचेत अडकवावी. बाकीच्या पुड्या एकेक करून उजवीकडच्या चौथ्या खाचेत अडकवाव्यात आणि कामटी सरळ होईपर्यंत त्यांतील रेती कमीजास्त करावी. अशा रीतीने सर्व पुड्या सारख्या वजनाच्या होतात.

यापुढील भाग महत्त्वाचा आहे. शिक्षकांनी नियम आधी सांगू नये. प्रश्न विचारावा, प्रत्येक मुलाने आपला अंदाज पाटीवर लिहावा आणि मगच पुडी अडकवून पाहावी. प्रश्न येणेप्रमाणे :

१. डावीकडे चौथ्या खाचेत एक पुडी आहे. उजवीकडे दोन पुड्या कोठे अडकवाव्यात?

२. डावीकडे तिसऱ्या खाचेत दोन पुड्या आहेत. उजवीकडे तीन पुड्या कोठे?

३. डावीकडे चौथ्या खाचेत एक पुडी आहे. उजवीकडे चार पुड्या कोठे?

४. डावीकडे पाचव्या खाचेत एक व पहिल्या खाचेत एक पुडी आहे. उजवीकडे एकाच खाचेत दोन पुड्या अडकवून तोल साधावयाचा आहे. ती खाच कोणती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसरी खाच, दुसऱ्याचे दुसरी, तिसऱ्याचे पहिली आणि चौथ्याचे तिसरी असे येते. पुष्कळ मुले आरंभी 'जिकडे वजन जास्त तिकडे कामटी झुकणार' असेच म्हणतात. एकच पुडी चार पुड्यांना तोलून धरते हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांचा अंदाज बदलतो. तीन-चार उत्तरे फळ्यावर मांडली म्हणजे कोणीतरी मूल आपण होऊन नियम सांगते : पुड्यांची संख्या गुणिले खाचेचा क्रमांक, दोन्ही बाजूंचा गुणाकार सारखा, तर कामटी सरळ. हाच तरफेचा नियम. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात तो सिद्ध करून मांडला. पुस्तकी भाषेत तो 'बल × बलभुजा = भार × भारभुजा' असा लिहितात. कामटी जेथे टांगली ती जागा म्हणजे टेकू, आणि टेकूपासून वजनापर्यंतचे अंतर म्हणजे भुजा.

कावडीला हाच नियम लागू पडतो. दीड मीटरच्या कावडीच्या एका टोकाला २० किलो आणि दुसऱ्या टोकाला ३० किलोचा भारा असेल, तर खांदा मधोमध देऊन चालत नाही. तो जड भाऱ्यापासून ६० व हलक्या भाऱ्यापासून ९० सेंटिमीटरवर आला पाहिजे. कारण ३० × ६० आणि २० × ९० हे दोन्ही गुणाकार १,८०० होतात. तथापि खांद्यावरचे ओझे ५० किलो व कावडीचे वजन एवढे राहतेच. तोल साधल्याने ओझे कमी होत नाही, फक्त ते सांभाळता येते.

प्रयोग दुसरा : सब्बल आणि धोंडा

बांधीच्या धुऱ्यात रुतलेला धोंडा किंवा झाडाचे खोड चार माणसांना हलत नाही, ते एक माणूस सब्बलीने हलवतो. हे बळ कोठून येते?

दीड मीटरची सब्बल घ्यावी. तिचे टोक धोंड्याखाली सारून त्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर सब्बलीखाली दगडाचा टेकू द्यावा. हाताकडची भुजा १३५ सेंटिमीटर, धोंड्याकडची १५, म्हणजे नऊपट. सब्बलीचे स्वतःचे वजन सोडून दिले, तर ९० किलोचा भार उचलण्यास हाताने १० किलोचा दाब पुरतो. आता टेकू टोकापासून ३० सेंटिमीटरवर न्यावा. हाताकडची भुजा १२० झाली. पट चारवर आली. तोच भार उचलण्यास आता साडेबावीस किलोचा दाब लागेल. मुलांनी आळीपाळीने दोन्ही ठिकाणी दाबून पाहावे. फरक हाताला तत्काळ कळतो.

येथे दुसरी मोजणी अवश्य करावी. टेकू १५ सेंटिमीटरवर असताना हाताकडचे टोक ९ सेंटिमीटर खाली दाबले, तर धोंडा किती वर येतो? अवघा १ सेंटिमीटर. अर्थात सब्बल काही फुकट देत नाही. बळ नऊपट झाले तर अंतर नवव्या हिश्शाचे झाले. याच्या उलट उदाहरण धान कांडण्याच्या ढेकीचे. ढेकी जर गावात कोठे उरली असेल तर मुलांना अवश्य दाखवावी. तिच्यात पायाकडची भुजा आखूड व मुसळाकडची लांब असते. पायाला जोर अधिक लावावा लागतो, पण पाय थोडा खाली जाताच मुसळ पुष्कळ वर उचलले जाते व धानावर आदळते. सब्बल अंतर देऊन बळ घेते, ढेकी बळ देऊन अंतर घेते. अडकित्ता, कात्री आणि चिमटा या घरातील वस्तूंत टेकू, बल व भार कोठे आहेत, हे मुलांनी स्वतः शोधावे.

दक्षता : हा प्रयोग मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावा. सब्बलीवर वाकून तोंड आणू नये, कारण टेकू निसटला तर सब्बल उसळते. धोंड्याखाली हात किंवा पाय केव्हाही घालू नये.

प्रयोग तिसरा : बंडीचा तोल

बंडीचा आस हा टेकू आहे. त्याच्या पुढे-मागे ओझे असते आणि पुढच्या टोकाला जू, म्हणजे बैलांची मान असते. समजा, ८०० किलो माल भरला असून त्याचा मध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे आहे आणि जू आसापासून अडीच मीटर पुढे आहे. तर मालामुळे दोन्ही बैलांच्या मानांवर मिळून ८०० × १० ÷ २५०, म्हणजे ३२ किलो भार येतो. तोच माल आणखी २० सेंटिमीटर पुढे रचला, तर हा भार तिप्पट, म्हणजे ९६ किलो होतो. माल तेवढाच, रस्ता तोच, बैल तेच. फक्त पोत्यांची जागा एक वीतभर बदलली. उलट माल आसाच्या मागे गेला की बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. सबब माल आसाच्या किंचित पुढे भरावा, फार पुढे भरू नये व मागे तर मुळीच भरू नये.

मुलांना हे समजण्यासाठी धुऱ्यावरच्या तुरीच्या तुराट्यांची लहान बंडी करावी. खड्यांची पुरचुंडी आसाच्या पुढे-मागे सरकवावी आणि दांडीचे पुढचे टोक एका बोटावर धरून भार कसा बदलतो तो पाहावा. नंतर बंडीचा पुढचा भाग उतार उतरताना असतो तसा खाली कलवावा. पुरचुंडी उंच रचली असेल तर बोटावरचा भार वाढलेला जाणवेल. चढावर याच्या उलट घडते. म्हणून घाटरस्त्याने जावयाचे असेल तेव्हा माल उंच न रचता पसरून भरणे बैलांच्या हिताचे असते.

प्रयोग चौथा : खरा तराजू, खोटा तराजू

४१ सेंटिमीटर लांबीची कामटी घ्यावी. दोन्ही टोकांना पळसाच्या पानांचे द्रोण प्रत्येकी तीन दोऱ्यांनी टांगावेत. ही झाली पारडी. मध्यभागी, म्हणजे साडेवीस सेंटिमीटरवर, कामटीच्या वरच्या कडेजवळ भोक पाडून दोरा ओवावा. भोक वरच्या कडेला का, असा प्रश्न मुलांना विचारावा व त्यांच्याकडून ते खालच्या कडेलाही पाडून पाहावे. भोक खाली असेल तर दांडी जराशा धक्क्याने कलंडते व परत सरळ होत नाही. टांगण्याची जागा दांडीच्या भारमध्याच्या वर असली तरच दांडी हेलकावे खाऊन समपातळीत येते.

आता याच मापाची दुसरी कामटी घेऊन मुद्दाम खोटा तराजू करावा. भोक मध्यावर न पाडता अर्धा सेंटिमीटर बाजूला पाडावे. एक भुजा २० सेंटिमीटर झाली, दुसरी २१. रिकामा तराजू लांब भुजेकडे झुकेल. आखूड बाजूच्या पारड्याखाली चिखल लावून तो सरळ करावा. दोन्ही तराजू शेजारी शेजारी टांगून मुलांना विचारावे, यांतील खोटा कोणता? रिकामे असताना दोन्ही सारखेच सरळ दिसतात. पुष्कळांचा समज असा असतो की, रिकामी पारडी समपातळीत आली म्हणजे तराजू खरा. हा समजच शेतकऱ्याला महागात पडतो.

समजा, खरेदी करणाऱ्याने धान आखूड बाजूस आणि वजन लांब बाजूस ठेवले. एक किलोच्या वजनाला तोलून धरण्यास धान किती लागेल? १,००० × २१ ÷ २०, म्हणजे १,०५० ग्रॅम. किलोमागे ५० ग्रॅम धान गेले आणि दांडी मात्र सरळच. याच हिशेबाने ४० किलोच्या पोत्यामागे २ किलो, आणि वीस पोत्यांमागे एक पूर्ण पोते जाते. भोक किती सरकले होते? अवघे अर्धा सेंटिमीटर. मोहफुले, चारोळी किंवा डिंक घेऊन आठवडी बाजारात बसणाऱ्या भगिनींचा माल थोडा असतो, पण तोट्याचे प्रमाण तेच राहते.

असा खोटा तराजू ओळखण्याची रीत फार सोपी आहे. तोल साधल्यानंतर माल आणि वजन यांची अदलाबदल करावी. तराजू खरा असेल तर दांडी पुन्हा सरळ राहील. वरील उदाहरणात १,०५० ग्रॅम धान लांब बाजूस गेले की ते पारडे खाली बसेल. तोलण्यास १,००० ऐवजी सुमारे १,१०२ ग्रॅम वजन लागेल.

तराजू खोटा असूनही खरे वजन काढण्याची युक्ती आहे. माल एका पारड्यात ठेवावा व दुसऱ्या पारड्यात रेती घालून तोल साधावा. मग रेतीला हात न लावता फक्त माल काढून घ्यावा आणि त्याच पारड्यात त्याच्या जागी प्रमाणित वजने ठेवीत जावे. दांडी सरळ झाली की ती वजने म्हणजेच मालाचे खरे वजन. माल व वजने दोन्ही एकाच भुजेवर तोलली गेल्यामुळे भुजांतील फरकाचा प्रश्नच उरत नाही. खोट्या तराजूवर मुलांकडून हे करवून घ्यावे. ज्या तराजूने किलोमागे ५० ग्रॅम चोरले, तोच तराजू आता खरे उत्तर देतो, हे पाहून त्यांना नियमाचे सामर्थ्य कळेल.

बाजारात जाताना

खोट्या तराजूची चिंता फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तराजू व वजने यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्याकडे धान पूर्वी पायली, कुडव, खंडी अशा मापांनी मोजले जाई. स्वतंत्र भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धतीची वजनेमापे आली व १९६२ पर्यंत किलोग्रॅम सर्वत्र रूढ करण्यात आला. आज वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ लागू आहे. त्यानुसार व्यापारात वापरावयाची वजने व काटे यांची ठराविक मुदतीने पडताळणी होऊन त्यांवर मुद्रा उमटवावी लागते. मुद्रा पाहणे व पडताळणीचे प्रमाणपत्र पाहावयास मागणे हा विक्रेत्याचाही हक्क आहे.

आता पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. त्यांत भुजा व पारडी दिसत नसली तरी पारख करण्याची रीत त्याच जातीची आहे. काटा सपाट जागी ठेवला आहे की नाही ते पाहावे. माल ठेवण्यापूर्वी आकडा शून्यावर आहे याची खात्री करावी. ज्ञात वजन काट्याच्या मध्यभागी आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. पाचही ठिकाणी आकडा सारखा आला पाहिजे. रिकाम्या पोत्याचे वजन वेगळे तोलून वजा करावे. संशय आल्यास वाद न घालता जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयाकडे तक्रार करावी.

कार्यकर्त्यांस सूचना

सहावी ते आठवीच्या वर्गांस हे चार प्रयोग चार तासिकांत करून दाखविता येतात. पाच-पाच मुलांचे गट करावेत व प्रत्येक गटाची कामटी स्वतंत्र असावी; एकाने करावयाचे व इतरांनी पाहावयाचे, असे होऊ देऊ नये. मुलींना सब्बल व बंडीच्या प्रयोगांतून वगळू नये. रोवणीपासून मळणीपर्यंतच्या कामात त्यांचाही वाटा असतोच. चौथा प्रयोग मळणीच्या आधी एखाद्या सायंकाळी ग्रामपंचायतीसमोर मुलांकडूनच करून दाखवावा. मुलांना बोलू द्यावे, वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत.

शक्य असेल तेथे शाळेच्या ओसरीवर एक नीट केलेला समभुज तराजू व मुद्रा असलेले एक किलोचे वजन कायम ठेवावे. त्यावर खरेदी-विक्री करू नये. तसा वापर कायद्याला धरून होणार नाही. परंतु घरी एक किलो म्हणून बांधलेली पुरचुंडी बाजारात नेण्यापूर्वी कोणासही तेथे तोलून पाहता येईल, आणि परत आल्यावर बाजारात किती भरली ते ताडून पाहता येईल. तराजू चालविण्याचे काम आळीपाळीने मुलांकडे द्यावे, आणि तोलून झाल्यावर माल व वजन यांची अदलाबदल करून दाखविल्याखेरीज कोणासही उत्तर सांगू नये, एवढा एकच नियम त्यांना घालून द्यावा.